मांडी घालू देणारा पाय

कृत्रिम पायाची खरी परीक्षा, मला वाटतं, घरी होते. जेवायला मांडी घालायची, शौचाला उकिडवं बसायचं, शेतातल्या चिखलात अनवाणी उतरायचं. बुटातच घालायचा ताठ विलायती पाय इथं अडून बसे. मग तो कोपऱ्यात पडे आणि हाती पुन्हा कुबडी येई. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ही अडचण ओळखली. १९६८च्या सुमारास रबराचा, घोट्याशी हवा तसा वळणारा, पाण्याला न भिणारा ‘जयपूर फूट’ तयार झाला. घरात काठी किंवा वॉकर आणतानाही मी हेच सांगेन. उंची, किंमत नंतर बघा. आधी विचारा, ‘आजोबा, दिवसभरात तुम्हाला कुठं कुठं जायचं असतं?’