तक्रारीचा हक्क आणि डोक्यावरचे छप्पर



घराचा प्रश्न केवळ भाड्याच्या दराचा नाही. तो तक्रार करण्याच्या हक्काचाही आहे. जिना मोडकळीस आल्याचे भाडेकरूने महापालिकेस कळवावे आणि मालकाने त्यालाच जागा सोडावयास लावावे, असे घडू लागले म्हणजे आरोग्याचे व बांधकामाचे सारे नियम कागदावरच राहतात.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे, १९६५ साली हेच घडले. एका भाडेकरू स्त्रीने घराच्या दुरवस्थेबद्दल तक्रार केली. निरीक्षकांना नियमभंगाचे चाळीसहून अधिक प्रकार आढळले. मालकाने तिला तीस दिवसांची नोटीस बजावली. ‘एडवर्ड्स विरुद्ध हबीब’ या खटल्यात न्या. स्केली राइट यांनी १९६८ साली निर्णय दिला की, मालकाला कारण न देताही भाडेकरार संपविता येईल. तक्रारीचा सूड म्हणून मात्र येणार नाही. नियमांची अंमलबजावणी रहिवाशांच्या तक्रारींवर अवलंबून असते. तक्रारदारालाच बेघर होऊ दिले तर कायदा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

महाराष्ट्रात १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने आणि पुढे १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूला आधार दिला. ठराविक कारणांखेरीज न्यायालय त्याला बाहेर काढीत नाही. पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ अन्वये मनाई आहे. परंतु आज शहरात येणारा कामगार, परिचारिका वा विद्यार्थी भाडेकरू नसतोच. तो ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपताच त्याने जागा सोडली पाहिजे, अन्यथा दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण नाकारले की सूड पुरा होतो. कारण कोणी विचारीत नाही. घरांची टंचाई असते तेथे अशा कराराला उभयपक्षी स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टाच होय.

मालकाची खरी निकड नाकारण्याचे कारण नाही. मागणी एवढीच की, तक्रारीपाठोपाठ जागा सोडावयास लावल्यास कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. तोवर कार्यकर्त्यांनी तक्रारी लेखी व सामुदायिक कराव्यात, पोच जपावी. एकट्याला बाहेर काढणे सोपे असते. साऱ्या इमारतीला काढणे तितके सोपे नसते.