एक प्रथिन, तीन स्टेशने

रोज रक्ताच्या नळ्यांशी गाठ असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

प्रथिने आणि आरोग्य यावर अध्यक्षांनी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. माणसाच्या शरीरात प्रथिनांचे हजारो प्रकार आहेत आणि जेवणाची वेळ तर झालीच आहे. म्हणून मी एकाच प्रथिनाबद्दल बोलतो, तेही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एवढ्यापुरते. ते प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन.

८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी त्यासाठी आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की, सिकल सेल आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रोगाचे बोट थेट एका प्रथिनाकडे वळले ते तेव्हा. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, बस. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

थॅलेसेमियाची गोष्ट निराळी. तिथे बीटा साखळी बहुधा पुरेशी तयारच होत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि अस्थिमज्जेतच तिचा जीव घेतात. बाळ जन्मते ते मात्र गुटगुटीत, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनला बीटा लागतच नाही. तिथे गॅमा साखळीवर भागते. काही महिन्यांत गॅमाचा अंमल ओसरतो आणि मूल पांढरेफटक पडू लागते. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले, ते जन्मभर. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साठते, हृदयात साठते. अशा मुलांच्या आयांना विज्ञानाची पदवी लागत नाही. फेरिटिनचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. फेरिटिन हेही एक प्रथिनच, लोह साठवणारे.

सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण मोठे आहे, हे आपण सारे जाणतो. बीटा जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडा गळण्याचा दोष प्रामुख्याने सिंधी आणि गुजराती कुटुंबांत सापडतो. पण यात कुणी मान खाली घालण्यासारखे काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात अशा वाहकांना थोडे संरक्षण मिळत गेले, म्हणून हे दोष पिढ्यानपिढ्या टिकले. लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी यांच्यातही थॅलेसेमिया आहे. सिकल नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत आहे, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत आहे, विदर्भात दलित समाजातही आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. ही तीन शहरे एका लोकलमार्गावर आहेत. परवडणाऱ्या घरासाठी बदलापूरला खानदेशातून माणूस आला, विदर्भातून आला. अंबरनाथच्या कारखान्यांनी तर साऱ्या देशातून माणसे आणली. त्यांची मुले एका कॉलेजात शिकतात, एका डब्यातून जातात आणि लग्नेही करतात. मला त्याचा आनंदच आहे. मात्र थॅलेसेमियाचा वाहक आणि सिकलचा वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की, बाळाला दोन्ही दोष मिळतील. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि तो किरकोळ आजार नव्हे. म्हणून आडनाव विचारून तपासणी सुचवण्याची आपली सवय आता कुचकामी झाली आहे. सिकलसाठीची सोल्युबिलिटी टेस्ट थॅलेसेमियाचा वाहक पकडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उपचार पुढे गेले आहेत, नाही असे नाही. गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारे बीसीएल११ए नावाचे प्रथिन आहे. रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींत त्याचाच आवाज दाबून गॅमा साखळी पुन्हा सुरू करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कुठल्या घराला ती परवडेल? २०१६च्या कायद्याने थॅलेसेमिया आणि सिकल सेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, हा आधार आहे. पण प्रमाणपत्राने रक्ताची पिशवी टळत नाही.

टळण्याची जागा आपल्या टेबलावर आहे. गरोदर बाईच्या सीबीसीचा कागद मशीनमधून येतो. हिमोग्लोबिन १०, एमसीव्ही ६५ आणि तांबड्या पेशी मात्र ५५ लाख. आपण ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ लिहितो, बाई लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागा: उत्तर बाराच्याही खाली येते. १३च्या खाली आले की थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्यायलाच हवा. मग हिमोग्लोबिनची एचपीएलसी करा, त्यात हिमोग्लोबिन ए-टू बघा. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असले, तर नवऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात मागवा. लोहाची कमतरता ए-टू थोडे खाली ओढते, तेव्हा काठावरचा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विषयातली जाणकार मंडळी दशकानुदशके काम करत आली आहेत. तिथवर पोचायला आपल्याला एक लोकल पुरते.

घाई एवढ्यासाठी की, गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांपासून करता येते, आणि आपल्याकडे बाई पहिल्यांदा दवाखान्यात येते तीच बहुधा तेव्हा.

सोमवारपासून एक करा. गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही ८०च्या खाली दिसला की, कुणी सांगायची वाट न पाहता खाली एक ओळ लिहा: ‘हिमोग्लोबिन एचपीएलसी करावी, पतीचीही.’ आणि डॉक्टरांना फोन करा.