कारभाराचीं नवीं यंत्रें आणि तीं राखणारे हात



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याजोगा आहे. ज्या देशांना आपण विकसनशील म्हणतों, त्यांचा राज्यकारभार कागदाच्या दप्तरांतून निघून संगणकांत जाऊन बसूं लागला आहे. तो चालविण्याची आणि राखण्याची विद्या तेथील माणसांना मिळावी म्हणून राष्ट्रें एकमेकांना कसें साहाय्य करितात, हा तो विषय. मीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. संगणकशास्त्राचा अधिकारी म्हणून मी बोलत नाहीं. परंतु एकानें दुसऱ्याला विद्या द्यावयाची म्हणजे नेमकें काय द्यावयाचें, हा प्रश्न शिक्षकाच्या धंद्यांतलाच आहे, आणि त्याच बाजूनें मी या विषयाकडे पाहणार आहें.

प्रथम ढाक्याची हकीगत सांगतों. २०१६ सालच्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, गुरुवारीं रात्रीं, बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवानें न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पैसे पाठविण्याचे ३५ हुकूम गेले. एकंदर रक्कम ९५ कोटि १० लक्ष डॉलर. हुकूम धाडणारे बँकेचे कोणी नव्हते. ते चोर होते. अमेरिकन तपासयंत्रणेनें २०१८ सालीं न्यायालयापुढें मांडलेल्या हकीगतीप्रमाणें, नोकरीच्या अर्जाच्या मिषानें बँकेंतील लोकांना संगणकावर पत्रें पाठवून वर्षभर आधींच त्यांनीं हातपाय पसरण्यास आरंभ केला होता. वेळ त्यांनीं कशी साधली पाहा! शुक्रवार-शनिवार ढाक्यास सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी आणि सोमवारीं मनिलांत चिनी नववर्षाची सुट्टी. बहुतेक हुकूम न्यूयॉर्कला संशयावरून अडकले. पांच मात्र निसटले. त्यांपैकीं २ कोटि डॉलरचा एक श्रीलंकेंतील एका संस्थेच्या नांवें होता. त्यांत ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाऐवजीं चोरांनीं ‘फँडेशन’ असें लिहिलें होतें. वाटेंतल्या एका बँकेला तें खटकलें, विचारणा झाली आणि ती रक्कम वांचली. शुद्धलेखनाचा एवढा मोबदला जगांतल्या कोणत्याही मास्तराला आजवर मिळाला नसेल! उरलेले ८ कोटि १० लक्ष डॉलर मनिलाच्या एका बँकेंतून जुगारगृहांत गेले, आणि त्यांतले सुमारें दीड कोटि तेवढे प्रथम परत मिळाले.

पुढें चौकशींत असें बाहेर आलें कीं, बँकेच्या जाळ्याला संरक्षक भिंतच नव्हती आणि संगणक जोडणारीं कांहीं उपकरणें दहा-दहा डॉलरचीं, जुनीं घेतलेलीं होतीं. वर्तमानपत्रांनीं या दहा डॉलरांचा फार गाजावाजा केला. मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक बोचते. आलेगेलेले संदेश आपोआप छापून काढणारें यंत्र त्या दिवशीं बंद पडलेलें सांपडलें, आणि नेहमींचाच बिघाड असेल असें समजून कर्मचारी स्वस्थ राहिले. यंत्र मुकें झालें तर तो धोक्याचा इशारा असूं शकतो, हें त्यांना कोणीं शिकविलेंच नव्हतें. नवें उपकरण विकत घेतां येतें. अशी शंका मनांत उपजण्याची संवय विकत मिळत नाहीं.

हें सारें दूरदेशींचें आहे असें निदान पुणेकरांनीं तरी समजूं नये. २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें पुण्याच्या एका सहकारी बँकेंतून याच तऱ्हेनें सुमारें ९४ कोटि रुपये गेले, आणि त्यांतले बरेचसे २८ देशांतल्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून कांहीं तासांत काढले गेले. चोर एका देशांत, तिजोरी दुसऱ्यांत आणि पैसे काढणारे अठ्ठावीस देशांत! एकट्या पोलीस ठाण्यानें येथें काय करावें?

बँकेचें झालें, आतां सरकारचें पाहूं. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या छोट्या देशाच्या अर्थखात्यावर २०२२ सालच्या एप्रिलमध्यें खंडणीखोरांनीं हल्ला केला. कर आणि जकात यांचीं दप्तरें कुलुपबंद झालीं, निर्यातीचा माल खोळंबला, पुष्कळ शिक्षकांचे पगार रखडले. या शेवटच्या गोष्टीनें माझें मन विशेष हळहळलें हें सांगावयास नकोच. सरकारनें खंडणी नाकारली. ८ मे रोजीं अधिकारावर आलेल्या नव्या अध्यक्षांनीं आल्याबरोबर राष्ट्रीय आणीबाणी पुकारली. महिनाअखेर सरकारी रुग्णालयांच्या संगणकांवर निराळ्या टोळीनें घाला घातला आणि डॉक्टर पुन्हां कागद-पेन्सिलीवर आले. अमेरिकेनें २०२३ सालीं अडीच कोटि डॉलरचें साहाय्य जाहीर केलें. उत्तमच झालें, परंतु आग लागल्यावर आलेला तो बंब होता.

आग लागण्यापूर्वींचें साहाय्य कसें असतें, याचें उदाहरण एस्टोनियाचें. हें राष्ट्र १९९१ सालीं पुन्हां स्वतंत्र झालें तेव्हां त्याच्यापाशीं पैसा बेताचाच होता, आणि त्याची लोकसंख्या आजही तेरा-चौदा लक्षांच्याच घरांत आहे. निरनिराळ्या खात्यांचीं दप्तरें एकमेकांशीं सुरक्षितपणें बोलूं शकतील अशी व्यवस्था त्यानें २००१ सालीं उभी केली, आणि दुसऱ्याच वर्षीं तॅलिन शहरांत इतर देशांच्या अधिकाऱ्यांना ती विद्या शिकविणारी एक संस्था काढली. २००७ सालीं खुद्द एस्टोनियाच्याच बँका, वर्तमानपत्रें आणि सरकारी खातीं यांवर कित्येक दिवस संगणकी हल्ले झाले. त्यांतून तो देश जें शिकला, तेंही त्यानें इतरांना शिकविण्याच्या पाठांत घातलें. त्या संस्थेचीं माणसें युक्रेनमध्यें गेलीं, आफ्रिकेंतील बेनिनमध्यें गेलीं. नुकताच तोच धडा गिरविलेला गुरु मला नेहमींच अधिक भरंवशाचा वाटतो. विद्यार्थी कोठें अडखळणार हें त्याला ठाऊक असतें.

एका शाळेंत सरकारी योजनेंतून आलेले संगणक तीन वर्षें खोक्यांत पडून राहिलेले मीं पाहिले आहेत. शिक्षकांना कोणीं शिकविलें नाहीं. खोलीची किल्ली तेवढी दर महिन्यास तपासली जाई. राष्ट्रांच्या देणग्यांची गतिही पुष्कळदां अशीच होते. दात्याच्या अहवालांत यंत्रांची संख्या असते. तीं चालविणारा एकही माणूस नसतो.

आपल्या देशाचा वांटा यांत लहान नाहीं. १९६४ सालीं भारत सरकारनें तांत्रिक व आर्थिक सहकार्याची योजना सुरू केली. तिच्याखालीं आशिया-आफ्रिकेंतील अधिकारी आपल्या खर्चानें येथें येऊन शिकतात, आणि आतां संगणक-सुरक्षेचे वर्गही त्यांत असतात. परकीयांनीं महासंगणक देण्यास आढेवेढे घेतल्यावर पुण्यांत १९८८ सालीं ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि तिनें १९९१ सालीं ‘परम’ तयार केला. त्याच संस्थेच्या साहाय्यानें २००३ सालीं घानाच्या अक्रा शहरांत कोफी अन्नान यांच्या नांवाचें शिक्षणकेंद्र निघालें. ज्यानें नकार सोसला त्यानें पुढच्याला दार उघडावें, यांत मला मोठें औचित्य दिसतें. बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेंत २०१८ पासून घडविलेली नागरिकांच्या ओळखनोंदणीची आज्ञावली फिलिपाईन्स आणि मोरोक्को यांनीं घेतली आहे. ती सर्वांस खुली आहे. परक्या व्यापाऱ्याकडे दरसाल हात पसरावा लागत नाहीं. मात्र फुकट मिळालेली गायसुद्धां धार काढणारा घरांत असला तरच उपयोगी!

दोन अडचणी उघडपणें बोलून दाखविल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, शिकून तयार झालेला तरुण सरकारी पगारावर टिकत नाहीं. खाजगी कंपनी किंवा परदेश त्याला उचलतो. म्हणून एका माणसाला शिकविणें पुरेसें नसून, त्यानें मागें चार शिष्य तयार करावे अशी सोय त्या देशांतल्या विद्यालयांतच हवी. दुसरी अधिक नाजूक आहे. दप्तर राखण्याची विद्या आणि प्रजेचीं खाजगी पत्रें चोरून वाचण्याची विद्या या जवळजवळ सख्ख्या बहिणी. कायदा व न्यायालय यांचा अंकुश नसलेल्या सरकारला ही विद्या देतांना दात्यानें दहादां विचार करावा. पण तो बहुधां करीत नाहीं, कारण त्याचें लक्ष आपल्या मालाच्या विक्रीवर किंवा प्रतिस्पर्ध्याला शह देण्यावर असतें. कायदे तर गोगलगाईच्या गतीनें चालतात. आफ्रिकी संघानें २०१४ सालीं मलाबो येथें केलेला संगणक-सुरक्षेचा करार अंमलांत येण्यास २०२३ साल उजाडलें.

आणि तरीही कांहीं गोष्टी साध्या असतात. ढाक्याचे अधिकारी त्या शनिवार-रविवारीं न्यूयॉर्कशीं संपर्क साधण्यासाठीं धडपडत होते, आणि पलीकडे उत्तर देण्यास कोणी नव्हतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२४ सालच्या मे महिन्यांत सरकारांसाठीं एक नोंदवही उघडली आहे. संकटकाळीं कोणत्या देशांत कोणाला हांक मारावयाची, त्या अधिकाऱ्यांचीं नांवें व पत्ते तींत असतात. चोरीला गेलेली रक्कम बँकेनें बँकेकडून कशी सोडवावी, हा प्रश्न तिच्यानें सुटणार नाहीं. पण सरकारनें सरकारला वेळीं गांठावें, एवढें तरी तिनें साधावें. नांव नोंदविलेला माणूस खरोखर जागेवर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मधूनमधून त्या सर्वांना एक चांचणीचा संदेश धाडण्यांत येतो, आणि किती देशांकडून उत्तर आलें तें मोजलें जातें.