थोडक्यांतलें विश्वासूपण

ख्रिस्ती मनुष्याचें जीवन म्हटलें कीं, पुष्कळांच्या डोळ्यांपुढें प्रार्थना, उपासना आणि उपदेश हींच उभीं राहतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु सकाळीं उठल्यापासून रात्रीं दिवा मालवीपर्यंत आपला बहुतेक वेळ ज्या कामांत जातो, त्यांचें काय? हिशेब लिहिणें, मुलांचा अभ्यास घेणें, उसनें आणलेलें भांडें परत करणें, कोणाचा निरोप पोंचविणें, या कामांना धर्मांत कांहीं स्थान आहे कीं नाहीं? आज याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढें मांडावयाचा आहे. तो मीं पुस्तकांत वाचून नव्हे, तर स्वतःच्या एका चुकीमुळें करावयास शिकलों.

तरुणपणीं मी एका लहानशा गांवीं मंडळीचें काम पाहत होतों. शेजारीं एक वृद्ध विधवा आजारी होती. तिला लिहितां येत नसे. एका शनिवारीं तिनें माझ्याकडून आपल्या मुलास पत्र लिहवून घेतलें आणि टपालांत टाकावयास तें माझ्याच हातीं दिलें. मजकूर दोनच ओळींचा होता. अंगांत शक्ति राहिली नाहीं, एकदां येऊन भेटून जा, एवढाच. मीं तें पत्र कोटाच्या खिशांत घातलें आणि घाईनें घर गांठलें. कारण दुसऱ्या दिवशींचें प्रवचन तयार व्हावयाचें होतें. प्रवचनाचा विषय होता 'विश्वासू सेवक'!

पुढें ती मला रोज विचारी, "मास्तर, उत्तर आलं का हो?" आणि मी सांगें, "आजी, हल्लीं टपालाला फार उशीर लागतो." नवव्या दिवशीं कोट धोब्याकडे देतांना तें पत्र हातास लागलें. मी तसाच तिच्याकडे गेलों आणि सर्व कांहीं सांगितलें. ती रागावली नाहीं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मी आपली इतके दिवस लेकालाच मनांत दोष देत होते." पत्र मिळतांच मुलगा आला, माय-लेकांची भेट झाली, ही देवाची कृपा. पण ज्या मुलाचा कांहींएक अपराध नव्हता, तो आठ दिवस आपल्या आईच्या मनांत अपराधी ठरला होता. आणि विनाकारण दोष पत्करणारा टपालवालाही होताच.

त्या दिवशीं मला एक गोष्ट उमगली. काम लहान कीं मोठें, हें आपण नेहमीं आपल्या बाजूनें मोजतों. माझ्या बाजूनें तें पत्र म्हणजे खिशांतला एक कागद होता. त्या म्हातारीच्या बाजूनें तेंच तिचें सर्वस्व होतें. कर्तव्याचें माप ज्याला त्याची गरज आहे, त्याच्या उंबरठ्यावर उभें राहून घ्यावें लागतें.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायांत प्रभु येशूनें सांगितलें आहे कीं, थोडक्यांत जो विश्वासू, तो पुष्कळांतही विश्वासू असतो. हें वचन आपण बढतीच्या आश्वासनासारखें ऐकतों. परंतु प्रभूचें स्वतःचें वागणें पाहावें. पांच भाकरी आणि दोन मासे यांवर पांच हजारांना तृप्त केल्यावर त्यानें शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लाविलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं अन्न वाढत होतें, त्यानें तुकडाही वायां जाऊं दिला नाहीं.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. बारीकसारीक नियमांचा काटेकोरपणा म्हणजे विश्वासूपण नव्हे. पुदिना, शेप आणि जिरें यांचासुद्धां दशांश देणाऱ्या, पण न्याय व दया विसरणाऱ्या लोकांना प्रभूनें कठोर शब्दांत दोष दिला आहे. नियमाकडे लक्ष ठेवतांना माणूस नजरेआड झाला, म्हणजे तें विश्वासूपण कोरडें पडतें.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाईंचें नांव घेतांच त्यांची विद्वत्ता, त्यांचा परदेशप्रवास, १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं वांचविलेल्या मुली, हें सर्व आठवतें. परंतु केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांचे दिवस कसे जात? शेंकडों मुलींच्या जेवणाची, कपड्यांची, औषधाची व्यवस्था. आणि त्यांतूनच हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें मराठी भाषांतर. थोडें शिकलेल्या स्त्रियांनाही समजावें, म्हणून शब्द सोपे निवडावयाचे. छापखाना सदनाचाच, खिळे जुळविणाऱ्या मुलीही सदनांतल्याच. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तो घाव सोसूनही त्यांनीं काम थांबविलें नाहीं. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रितें तपासीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें; पुरें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

मुद्रितें तपासणें हें किती कंटाळवाणें काम! एक मात्रा निसटली, एक अनुस्वार अधिक पडला, कोण पाहतो? पण एखाद्या खेडेगांवांत एक बाई बोट ठेवून एकेक अक्षर वाचणार आहे, आणि त्या मात्रेपाशीं ती अडखळेल, हें ज्याला दिसतें, त्याला मात्रा लहान वाटत नाहीं.

श्रोतेहो, आपणां सर्वांच्या वांट्याला रमाबाईंएवढें कार्य येणार नाहीं. परंतु कोणीतरी विश्वासानें आपल्या हातीं दिलेलें एखादें लहानसें काम प्रत्येकाजवळ असतें. आज रात्रीं प्रार्थनेस बसण्यापूर्वीं क्षणभर आठवून पाहावें कीं, कोणाचें पत्र अद्याप आपल्या खिशांत पडून आहे. आठवलें, तर प्रार्थना थोडी लांबली तरी चालेल. आधीं तें पत्र टाकून यावें.