सुट्टी, लाठी आणि पाटी

(विहाराच्या उन्हाळी शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात. बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

या शिबिरात सकाळी कराटे, दुपारी हातकाम आणि संध्याकाळी अभ्यास असे तीन वर्ग ठेवलेले आहेत. एका उपासकांनी मला विचारलं, "दादा, पंचशील घेणाऱ्या पोरांना मारामारी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण समता सैनिक दल बाबासाहेबांनीच उभं केलं. आणि ज्यांनी ओकिनावातलं कराटे १९२२ साली टोकियोत करून दाखवलं, ते फुनाकोशी गिचिन शाळामास्तर होते. ज्युदोचे कानो जिगोरो, तेही शिक्षकच.

मी सांगणार ती हकिकत १९८२ च्या उन्हाळ्याची. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप, अडीच लाख कामगार घरी. दरसाल मे महिन्यात आम्ही गावाला जायचो, त्या साली एस.टी.च्या भाड्याला पैसे नव्हते. मी चौदा वर्षांचा. चाळीत एक निवृत्त कामगार होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आम्हा पोरांना हाताशी धरलं.

पहाटे शेजारच्या मावशींबरोबर भायखळ्याच्या भाजीबाजारात जायचं, कोथिंबीर-लिंबं आणून चाळीच्या तोंडाशी विकायची. दुपारी जिन्याखालच्या सावलीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. संध्याकाळी मैदानात लाठी. लाठी कानाच्या उंचीची, भरीव बांबूची, तेल पाजलेली. पहिला आठवडा तर ती हातातच दिली नाही. नुसता पवित्रा, म्हणजे पाय किती अंतरावर, वजन कुठल्या पायावर. पोटऱ्या अशा भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आणि पोटात काय, तर सकाळचा चहा-पाव!

मास्तरांचा एक नियम होता. लाठी देण्याआधी विचारायचे, "आज काय वाचलंस?" उत्तर नाही तर लाठी नाही. रामजीबाबा परळच्या खोलीत भीमरावांना रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत, हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

माझा एक दोस्त होता, नाव सांगत नाही. आमच्या सगळ्यांत त्याचा हात चपळ. पण तो रात्री हॉटेलात कपबश्या विसळायचा आणि दुपारी मुडद्यासारखा झोपायचा. वाचणार कधी? चार दिवस त्याला लाठी मिळाली नाही, पाचव्या दिवसापासून तो आलाच नाही. मास्तर चुकीचे होते असं म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. पण त्याच्या घरी जाऊन "चल, मी तुला वाचून दाखवतो" एवढं म्हणणं मला जमलं असतं. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर तो नसला की मी पहिला यायचो.

संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. आमच्या वडिलांना परत घेतलं नाही. मी १९८८ साली रिंगखात्यात बदलीवर लागलो. दोस्त तोवर कुणाच्या गाडीतून फिरू लागला होता, ते गल्लीला माहीत होतं. रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय रे, आज काय वाचलंस?" आणि हसायचा. १९९१ साली तो गेला. कसा गेला ते पोरांपुढे सांगत नाही.

तर कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या नियमपत्रकात "अभ्यास न करणाऱ्यास कराटे वर्गात प्रवेश नाही" असं छापलंय, तेवढी ओळ खोडा. अशा पोराला शेजारी बसवून वाचून दाखवायला मी रोज संध्याकाळी येईन. आणि मघापासून ती तीन पोरं दाराशी चपलांजवळ उभी आहेत, त्यांना आधी आत घ्या.

जयभीम.