तपासणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा
(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे. विषय : ‘जुनी गाडी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मालकाचे हाल’)



पत्रिका वाटल्या गेल्यावर कार्यवाहांना दोन-तीन फोन आले म्हणे. ‘कालचं पुष्प संतसाहित्यावर, उद्याचं राज्यघटनेवर; मध्येच हा गिअरबॉक्स कशाला?’ शंका रास्त आहे. पण घर सोडलं तर मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात सर्वांत मोठी रक्कम मोजतो ती गाडीसाठी, आणि आपल्या देशात आता नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचा बाजार मोठा आहे. त्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, की सातबाऱ्यावरची प्रत्येक नोंद डोळ्यांत तेल घालून वाचणारा गृहस्थही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे गप्प उभा राहतो. समोरचा म्हणतो, ‘सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’ बऱ्याच गाड्यांत हा खर्च लाखाच्या पुढे जातो. हो म्हणावं तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला. नाही म्हणावं तर दारात लोखंड उभं. एरवी चौकस असलेला हा माणूस तिथे निरुत्तर का होतो, ते आज पाहू.

ऑटोमॅटिक गिअर ही काही कालची गोष्ट नाही. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला. म्हणजे अमेरिकेत अशा गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या कारागिरांच्या काही पिढ्या झाल्या. आपल्याकडे मात्र ही चैन मोजक्या महागड्या गाड्यांपुरतीच होती. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत स्वस्तातला एएमटी आणला आणि चित्र पालटलं. शहरातल्या रांगांना कंटाळलेल्या लोकांनी, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी या गाड्या आनंदाने घेतल्या. त्या पिढीतल्या गाड्या आता दहा वर्षांच्या झाल्या आहेत. वॉरंटी केव्हाच संपली, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात आली, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ती उघडणारा हात अजून तयार व्हायचा आहे. आजच्या तक्रारींचं मूळ या तिढ्यात आहे.

त्यात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून आपण जे घेतो ते एक यंत्र नसतं, चार असतात. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं माणसाऐवजी ॲक्चुएटर करतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. सीव्हीटीत टप्प्याटप्प्याचे गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. चौथा ड्युअल क्लच : एक क्लच पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गिअरसाठी, दुसरा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्यासाठी. चौघांचे बिघाड वेगळे, तेल वेगळं, कारागीरही वेगळा. सीव्हीटीत भलतंच तेल ओतलं की पट्टा घसरू लागतो. एएमटीची क्लचप्लेट आपला नेहमीचा मेकॅनिक सफाईने बदलतो, पण नंतर स्कॅनर लावून कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहिलं की गाडी झटके मारते, आणि चांगल्या कामाचं खापर त्याच मेकॅनिकवर फुटतं.

आता हे गिअरबॉक्स जातात कशाने? सर्वांत मोठा शत्रू उष्णता. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल ताकद वाहून नेतं, दाब तयार करतं, वंगण करतं आणि थंडावाही देतं. इतक्या कामांत तापलेलं तेल जुनं होतं, काळवंडतं, जळका वास मारतं. त्यात क्लचचा भुगा मिसळतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा अडवतो. मग आर किंवा डी टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून धक्क्याने उठते. इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. शेवटी एकाच गिअरमध्ये अडकून ती कशीबशी घरी येते. मेकॅनिक त्याला ‘लिंप मोड’ म्हणतात.

तेल बदलावं की नाही, याबद्दल मालकाला दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्या जातात. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे तेल ‘लाइफटाइम’ असतं. पण जगभरच्या मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सबाबत सांगते की तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांत बदला. ‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचं आयुष्य? पहिल्या मालकाचं, की वॉरंटीचं? तिसऱ्या मालकाचं नक्कीच नाही.

काही दोष आपल्याही पदरात घालून घेऊ. खंबाटकीच्या चढावर रांग लागली की पुष्कळ जण ब्रेक न दाबता हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. एएमटी आणि कोरड्या ड्युअल क्लचच्या गाडीत त्या वेळी क्लच जळत असतो. दुसरी खोड, बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढत नेण्याची. बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांत गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती म्हणजे आतले भाग तेलावाचून घासत राहतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं ओढताना जमिनीवर टेकता कामा नयेत. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. तिसरी गोष्ट पुराची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यानंतरही आपण दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे तेच पाहतो. पाणी गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. गाडी धुऊनपुसून, नवी सीटकव्हर घालून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते.

हे झालं यंत्राचं. पण यंत्र बिघडणारच. स्कूटर बिघडते, मोटर बिघडते, त्याचा कोणी एवढा संताप करत नाही. संताप येतो तो बिघाड नेमका काय आहे हे कळत नाही म्हणून. स्कॅनर एक कोड दाखवतो : अमुक सोलेनॉइड. दोष त्या सोलेनॉइडचा आहे, त्याच्या वायरचा आहे की तेलातल्या भुग्याचा, हे कोड सांगत नाही. त्यासाठी दाब मोजावा लागतो, तेल काढून पाहावं लागतं, चुंबकाला चिकटलेला चुरा तपासावा लागतो. कधी बॅटरी मलूल झाल्यामुळे कंट्रोल युनिट खोटे कोड दाखवतं. एवढा वेळ द्यायला कोणाला परवडतो? काउंटरवरच्या माणसाला असेंब्ली बदलणं सोपं आणि किफायतशीर. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे अवजारं नाहीत, म्हणून तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो. एकीकडे एकदाच मोठा खर्च, दुसरीकडे तोच खर्च हप्त्याहप्त्याने. नेमका कोणता भाग बिघडला, हे दोन्हीकडे मालकाला कोणी सांगत नाही.

अर्थशास्त्रात या अंधाराचा अभ्यास झाला आहे, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून निवडला गेला तो जुन्या गाड्यांचाच बाजार. जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीची खरी स्थिती विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी किंमत सांगतो. त्या किमतीत चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या बहुतांशी खोडीच्या गाड्या.

आजचा स्कॅनर या अज्ञानात भर घालू शकतो. विकण्याआधी कोड पुसता येतात. कंट्रोल युनिटने क्लचच्या झिजेनुसार स्वतःत केलेले बदल रिसेट करता येतात, आणि मग काही दिवस गाडी लोण्यासारखी चालते. शिवाय पुष्कळ दोष गिअरबॉक्स तापल्यावरच डोकं वर काढतात. म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा मालकाला ती आधी सुरू करू देऊ नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या. मग किमान पाऊण तास गर्दीतून आणि चढावरून चालवा. परतल्यावर पी, आर, एन, डी असे गिअर ब्रेक दाबून सावकाश टाका आणि गाडी किती उशिराने, किती धक्क्याने प्रतिसाद देते ते पाहा. तेल शेवटी कधी बदललं त्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेल बदललेलं नाही, असं धरूनच भाव करा.

कंपनी आणि ग्राहक यांच्यातही हाच खेळ चालतो. फोर्डचा पॉवरशिफ्ट हा कोरड्या ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स अनेक देशांत थरथरण्यासाठी बदनाम झाला. ऑस्ट्रेलियात तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांना, ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असं होतं’, असं सांगितलं जात होतं. दोष गाडीत असल्याची जाण कंपनीला होती. २०१८ साली तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, तो तक्रारी हाताळताना ग्राहकांशी केलेल्या या गैरवर्तनासाठी. गिअरबॉक्स वाईट निघाला हा त्या खटल्यातला दंडाचा मुद्दा नव्हता. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची कथाही अशीच बोलकी. १५ मार्च २०१३ रोजी, जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने त्यातले दोष दाखवले आणि काही दिवसांत कंपनीला तिथल्या ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी आपल्या चाकणमध्ये बनणारी पोलो जीटी टीएसआय सात गिअरचा डीएसजी घेऊनच बाजारात आली होती.

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं मात्र नाही. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची अवजारं मिळत नाहीत, ही एका ग्राहकाची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने उचलली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्या, दुरुस्तीची माहिती आणि अवजारं बाहेरच्या मेकॅनिकांनाही मिळू द्या, असे आदेश दिले. प्रकरण अपिलांत गेलं, दंडावर कज्जे चालले. पण मूळ तत्त्व कागदावर आलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आहेत.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. व्यापाऱ्याकडून किंवा कंपनीकडून घेतलेल्या गाडीबद्दल, तसंच गॅरेजच्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायची. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीत ही वाट अवघड होते, म्हणून तिथे विक्रीपत्रात स्थिती लिहून घेणंच शहाणपणाचं. विम्याच्या भरवशावरही राहू नका. नेहमीची पॉलिसी झीज आणि यांत्रिक बिघाड भरून देत नाही.

पण आयोगापुढे गेल्यावर पहिला प्रश्न येतो : दोष होता याचा पुरावा काय? तोवर गिअरबॉक्स उघडून जोडून झालेला असतो, जुने भाग भंगारात गेलेले असतात आणि हातात ‘लेबर व पार्ट्स’ एवढंच लिहिलेलं बिल असतं. आणि दोषाबद्दल एकमेव मत असतं ते ज्याने बिल केलं त्याचं.

श्रोतेहो, मी इथे ज्या मुद्द्यासाठी आलो तो हा. रक्त तपासणारी लॅब आपल्याला औषध विकत नाही, म्हणून तिच्या रिपोर्टवर आपण भरवसा ठेवतो. गाडीच्या बाबतीत मात्र दोष शोधणारा आणि त्यावर पैसे मिळवणारा एकच. तो प्रामाणिक असला तरी त्याचा प्रामाणिकपणा आपल्याला पडताळता येत नाही. आणि प्रामाणिक मेकॅनिकचंच यात सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण लबाडापासून त्याला वेगळं काढणारं काही आपल्याजवळ नाही.

हे बदलायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत, त्यांतल्या पुष्कळांत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, शेड आहे, शिकवणारे निदेशक आहेत. तिथे एक चांगला स्कॅनर, दाबाचं गेज आणि तेल तपासायची सोय करा. ठरलेली फी घ्या आणि एक पानी लेखी अहवाल द्या : सापडलेले कोड, मोजलेला दाब, तेलाची स्थिती, संभाव्य कारण. दुरुस्ती तिथे करायची नाही, हा नियम पक्का. विकणारा तो अहवाल दाखवून चांगल्या गाडीचा चांगला भाव मागेल. घेणाऱ्याला तो वाचून ठरवता येईल. मेकॅनिक कामाचा आवाका आधीच सांगू शकेल. वाद आयोगात गेलाच तर तोच कागद पुरावा होईल. आणि आयटीआयच्या मुलांना खऱ्या गाड्यांवर शिकायला मिळेल; ज्या हातांची आज वाण आहे ते हात तिथेच तयार होतील.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती एकट्या ग्राहकाला बळ देण्यासाठी. तेव्हा प्रश्न वजनमापाचा आणि भेसळीचा होता. आजचा काटा स्कॅनरमध्ये आहे आणि तो फक्त दुकानदाराच्या हातात आहे. आपल्या गावातल्या ग्राहक पंचायतीचे, गॅरेज संघटनेचे आणि आयटीआयचे लोक आज या सभागृहात आहेत, असं कार्यवाहांनी मला सांगितलं. व्याख्यान संपल्यावर माझ्याशी बोलू नका, एकमेकांशी बोला. आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत या विषयावर बोलायला मला बोलवायची वेळ आणू नका, आयटीआयमधल्या त्या तपासणी केंद्राच्या निदेशकांना बोलवा.