भाड्याच्या चाकाचें गणित

चाळीसगांवच्या स्टेशनावर उतरलेल्या कुटुंबास पाटणादेवीच्या दर्शनास जावयाचें असलें, म्हणजे सुमारें १८ किलोमीटरांसाठीं भाड्याची गाडी ठरविली जाते. भाडें किती, हें प्रवासी विचारतो. गाडी कोणाच्या पैशानें घेतली, हें तो विचारीत नाहीं. वास्तविक या धंद्याचा सारा इतिहास ह्या दुसऱ्या प्रश्नांत साठविलेला आहे.

यांतील एका मोठ्या कंपनीचा आरंभ १९१८ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं झाला. वॉल्टर जेकब्स नांवाच्या तरुणानें फोर्डच्या बारा गाड्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. १९२३ मध्यें टॅक्सीच्या व्यवसायांत नांव मिळविलेल्या जॉन हर्ट्झ यांनीं तो धंदा विकत घेतला. पुढें तो जनरल मोटर्सकडे गेला व १९५३ मध्यें पुन्हा हर्ट्झ यांच्या हातीं आला. त्यांचेंच नांव मग जगभर पसरलें.

या वाढीची रीत साधी होती. कर्ज काढून गाड्या घ्यावयाच्या, भाड्यांतून हप्ते फेडावयाचे आणि कांहीं काळानें त्या विकून नव्या आणावयाच्या. चाक फिरतें आहे तोंवर हें गणित सुटतें. परंतु २०२० मध्यें महामारीनें प्रवासच थांबविला. वापरलेल्या गाड्यांच्या किंमती उतरल्या, तारण अपुरें पडलें आणि धनकोंनीं जादा रकमा मागितल्या. २२ मे २०२० रोजीं, सुमारें १९ अब्ज डॉलरांचें ऋण डोक्यावर असतां, ह्या शतायुषी कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाच्या छत्राखालीं गाड्या विकून व नवें भांडवल मिळवून ती जून २०२१ अखेर पुन्हा उभी राहिली.

हिंदुस्थानांत १९८९ च्या केंद्रीय योजनेनें, प्रवाशाच्या हातीं गाडी सोंपविणाऱ्या व्यावसायिकास किमान ५० गाड्यांची अट घातली. एकदोन गाड्यांच्या धन्यास ती कोठून पेलावी? म्हणून लहान गांवांत पुष्कळदा धनीच चालक असतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां त्याचीही गाडी दारांत उभी राहिली. हप्ते सहा महिने लांबविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें दिली खरी. पण व्याज थांबलें नाहीं. कंपनीचें दिवाळें वर्तमानपत्रांत छापून आलें. एका गाडीच्या धन्याची विवंचना घराच्या उंबऱ्याआड राहिली.

ज्या पाटणच्या रस्त्यावर त्याची गाडी धांवते, तेथील शिलालेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे. आचार्यांच्या ‘लीलावती’मध्यें व्याजाचीं उदाहरणें आहेत. मुद्दल, काळ आणि दर हीं तीन ठाऊक असलीं, कीं उत्तर निघतें. चाक फिरत होतें कीं उभें होतें, हें त्या गणितांत कोठेंच येत नाहीं. म्हणून भाड्याचा पैसा हातीं येतांच त्यांतील कांहीं भाग उभ्या चाकाच्या दिवसांसाठीं बाजूस ठेवणें, हाच या धंद्यांतला खरा शहाणपणा होय. मग गाड्या पांच लाख असोत, वा एकच असो.